हुपरीकर अंगुष्ठक्रिया

यंत्राने माणसाएवढ्या बाहुलीचे डोके दोन्ही तळव्यांत उचलले, किंचित डावीकडे कलवले, हनुवटी खांद्याच्या रेषेत आणली आणि ते थांबले. मग त्याचा उजवा आंगठा बाहुलीच्या कानामागे एकदा वाकला आणि सरळ झाला. तळवे सुटले. डोके परत उशीवर टेकले.

“दाब किती?” डॉ. यास्मिन मुजावरांनी विचारले.

“शून्य,” यंत्र चालवणारी संशोधक ऋजुता मगदूम पडद्याकडे बघत म्हणाली. “डोक्याचं वजन पेलण्यापुरता आहे. मणक्यांवर काहीच नाही. आज सलग चाळिसावी वेळ.”

काचेच्या अलीकडे बसलेल्या डॉ. पराग हुपरीकरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

मिरजेबाहेर म्हैसाळच्या रस्त्याला हे हस्तोपचार संशोधन केंद्र उभे राहिले होते ते मुख्यतः हुपरीकरांसाठी. कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातांनी मणके जागेवर आणण्याची विद्या, ते तेहेतीस वर्षे करत होते. बेळगाव-सोलापुरापासून लोक त्यांच्याकडे येत. कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या पायात कळा जात असलेल्या, कुणाची मान सकाळी उठल्यापासून वळत नसलेली. मानेसाठी तर त्यांचे विशेष नाव होते. ‘दुखलंसुद्धा नाही, नुसतं कट्ट झालं आणि मान मोकळी,’ असे म्हणत लोक बाहेर पडत. आता एकसष्टाव्या वर्षी त्यांची मनगटे निकामी होत चालली होती, आणि ते हात थांबण्याआधी त्यांचे कसब जपून ठेवायचे असे केंद्राने ठरवले होते.

त्यासाठी अकरा वर्षे ते प्रत्येक रुग्णाला हात लावताना स्पर्शमोजे घालत आले होते. कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ मोजे. प्रत्येक बोट कुठे आहे, कसे हलते, किती दाब देते, हे ते सेकंदाला हजार वेळा टिपत. प्रत्येक नोंदीला त्या माणसाचे रुग्णपत्र जोडलेले असे: वय, वजन, तक्रार, क्ष-किरण चित्र, तारीख, ठिकाण. या सगळ्यातून तयार झालेल्या यंत्राला केंद्रात हस्तानुगामी म्हणत.

“मला एकदा नीट सांग,” डॉ. मुजावर म्हणाल्या. त्या केंद्राच्या संचालक होत्या आणि मूळच्या मेंदूच्या डॉक्टर. “मान कशी बसवायची हे आपण याला शिकवलंय की नाही?”

“शिकवलेलं काहीच नाही मॅडम. पुस्तकातला एक नियमसुद्धा त्याच्यात नाही. समोर रुग्णपत्र आलं की ते एवढंच शोधतं, की या माणसाला सरांच्या हातांनी काय केलं असतं. सर तोंडाने काय सांगतात, वर्गात काय शिकवतात, ते त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. हात जे करतात तेवढंच त्याला कळतं.”

“आणि कंबरेला?”

“कंबरेला, पाठीला अगदी सरांसारखा दाब देतं. फक्त मानेला शून्य.”

“मग मोज्यांच्या नोंदीतच घोळ असणार. कुणी तपासल्या नाहीत?”

“चाळीस हजार नोंदी मॅडम. त्या माणसाने डोळ्यांनी बघायच्या नसतातच, यंत्राने बघायच्या असतात.” ऋजुता हुपरीकरांकडे वळली. “आंगठ्याची हालचाल मात्र मानेच्या जवळजवळ प्रत्येक नोंदीत आहे. अंगुष्ठक्रिया सुटलेली नाही सर.”

हुपरीकरांनी मान हलवली. कानामागे आंगठा वाकवण्याची ती हालचाल ऋजुतालाच दोन वर्षांपूर्वी यंत्राने काढलेल्या हालचालींच्या यादीत सापडली होती. तिने त्यावर निबंध लिहिला, पुण्याच्या परिषदेत वाचला आणि तिला नाव दिले: हुपरीकर अंगुष्ठक्रिया. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिथे नेमकी कोणती नस असते, असे विचारणारी पत्रे हुबळीहून आली होती. हुपरीकरांनी उत्तर पाठवले होते की हे अनुभवानेच कळते.

“ज्या तीस स्वयंसेवकांवर आपण करून बघितलं, त्यातले बावीस जण म्हणाले, काही झाल्यासारखं वाटलंच नाही,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “आवाज नाही, काही नाही. जूनमध्ये साठ आरोग्य केंद्रांत हे यंत्र जायचंय. आता थांबायला वेळ नाही. ऋजुता, मानेपुरता दाब पुस्तकातून घाल. अकरा किलोंचा झटका, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात. बाकी सगळं परागच्या हातांचं. सोमवारी स्वयंसेवक बोलावू. चालेल ना पराग?”

“बघा,” हुपरीकर म्हणाले. “तुम्हाला योग्य वाटेल तसं.”

ते उठून बाहेर आले. व्हरांड्यात सोमवारसाठी नावे नोंदवायला आलेली माणसे बाकावर बसली होती. एक बाई हाताने मानेचा मागचा भाग दाबत शेजारणीशी बोलत होती. हुपरीकरांना बघून ती उभी राहिली, आणि हसून म्हणाली, “डॉक्टर, आता तुमचंच यंत्र म्हणल्यावर कसली भीती?”

त्यांनी नुसती मान डोलावली. जिन्यापर्यंत गेले आणि कठड्याला धरून उभे राहिले.

बारा वर्षांपूर्वी त्यांच्या दवाखान्यात शैलजा बिरनाळे आल्या होत्या. सांगलीच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका, वय चव्वेचाळीस. तीन दिवस मान दुखत होती. हुपरीकरांनी नेहमीसारखे डोके धरले, कलवले, झटका दिला. कट्ट झाले. “मोकळं वाटतंय,” म्हणत त्या उठल्या आणि चपला घालायला वाकल्या, त्या तशाच खाली बसल्या. “डॉक्टर, भिंत फिरतेय,” म्हणाल्या. पुढचे शब्द जिभेवर लोळायला लागले. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटली होती, आणि तिथली रक्ताची गुठळी वर गेली होती.

इस्पितळाच्या पायऱ्यांवर शैलजाबाईंच्या भावाने हुपरीकरांना गाठले. भाऊ वकील होते. त्यांनी शांतपणे विचारले, “तुम्ही तिच्या मानेला नेमकं काय केलंत?”

“काही नाही. तेल लावून चोळलं फक्त,” हुपरीकर म्हणाले.

भाऊ वळून आत निघून गेले. त्यानंतर दोन वर्षे दारावर टपालवाला आला की हुपरीकर आधी वकिलाचे पाकीट आहे का ते बघत. नोटीस आलीच नाही. शैलजाबाई जगल्या. पण बोलणे अडखळतच राहिले, आणि ज्या बाईंचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जायचा त्यांना शाळा सोडावी लागली.

त्या दिवसानंतर हुपरीकरांनी मानेला झटका देणे बंद केले. रुग्णांना मात्र सांगितले नाही. मान बसवणे हेच तर त्यांचे नाव होते. ते पूर्वीसारखेच डोके धरत, कलवत, थांबत, आणि रुग्णाच्या कानामागे स्वतःच्या आंगठ्याचा सांधा मोडत. कट्ट. माणसे उठून मान फिरवून बघत आणि म्हणत, मोकळी झाली. पूर्वी जितकी माणसे बरी व्हायची, जवळजवळ तितकीच आताही होत. हुपरीकरांना याचीच सर्वांत जास्त लाज वाटे. म्हणजे शैलजाबाईंच्या मानेलाही तो झटका द्यायची गरज नव्हती.

केंद्राने मोजे घालायला सांगितले तेव्हा नाही म्हणायला कारण सापडले नाही. नोंदी कुणी बघत नाही हे कळल्यावर त्यांना हायसे वाटले होते.

ते व्हरांड्यातून परत आले. मान दाबणारी बाई अजून तिथेच होती. त्यांनी दार उघडले.

“झटका घालू नका,” ते म्हणाले.

दोघींनी वर पाहिले.

“मोज्यांत घोळ नाही. यंत्र बरोबर शिकलंय. मी मानेला दाब देतच नाही.” त्यांनी उजवा हात वर केला आणि आंगठा वाकवला. शांत खोलीत सांध्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “ही तुमची अंगुष्ठक्रिया.”

ऋजुताचा चेहरा आधी कोरा राहिला, मग कानांपर्यंत लाल झाला. पुण्याच्या व्यासपीठावर तीच उभी राहिली होती. हुपरीकरांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी जमिनीकडे बघत शैलजाबाईंचे सगळे सांगितले, पायऱ्यांवरचे खोटेही सांगितले.

डॉ. मुजावरांनी हातातला पेन टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “पक्षाघाताचे असे चार पेशंट मी स्वतः बघितलेत पराग. मानेचे झटके घेऊन आलेले. सोमवारी मी इथे पाचवा तयार केला असता, आणि तू ‘बघा’ म्हणून उठून गेलास.”

“हो.”

“बारा वर्षांत एकदाही झटका दिला नाहीस?”

“एकदाही नाही. कुणालाही नाही. माझ्या आईची शपथ घेऊन सांगतो.”

“शपथ नको,” त्या म्हणाल्या. “ऋजुता, झटका रद्द. सोमवारची माणसं रद्द. आणि सगळ्या तऱ्हेची रुग्णपत्रं घालून तपास, की मानेला खरोखर शून्यच येतंय.”

घरी जाताना हुपरीकरांना लाज वाटत होती, पण तिच्यासोबत एक हलकेपणाही होता. बारा वर्षे छातीवर ठेवलेले काहीतरी त्यांनी खाली ठेवले होते. आपण भित्रे होतो, खोटारडे होतो, पण निदान त्यानंतर कुणाच्या मानेला धक्का लावला नाही, असे ते स्वतःला सांगत राहिले. आणि शिबिरे होतीच. शैलजाबाईंच्या नंतरच्या हिवाळ्यापासून त्यांनी साखर कारखान्यांच्या तळांवर फुकट शिबिरे सुरू केली होती. बीडकडून ऊस तोडायला येणारी माणसे डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरतात. त्यांच्या मानांची अवस्था हुपरीकरांनी क्ष-किरण चित्रांत पाहिली होती. दर वर्षी हंगामात आठ-दहा रविवार ते तिथे जात. कुणाला बोलून दाखवले नव्हते, पण मनात त्यांनी त्याला प्रायश्चित्त म्हटले होते.

चौथ्या दिवशी सकाळी ऋजुताचा फोन आला. “सर, जरा याल का? मॅडमही आहेत.” तिचा आवाज नेहमीपेक्षा सपाट होता.

प्रयोगशाळेत बाहुली टेबलावर निजवलेली होती. डॉ. मुजावर मात्र उत्सुक दिसत होत्या.

“पराग, गंमत झालीय. तू एकदाही नाही म्हणालास ना? यंत्र काही रुग्णपत्रांना झटका देतंय.”

“शक्य नाही.”

“सहाशे रुग्णपत्रं घातली सर,” ऋजुता म्हणाली. “पाचशे एकोणसत्तरला शून्य. एकतीस जणांना पूर्ण झटका. दहा ते बारा किलो.”

“मग यंत्रानेच काहीतरी जुळवलं असेल.”

“यंत्र जुळवत नाही. मोज्यांच्या मूळ नोंदी मी उघडून बघितल्या. झटके खरे आहेत. अकरा वर्षांत दोन हजार तीनशे सतरा.”

हुपरीकर खुर्चीवर बसले. त्यांना खरोखरच आठवत नव्हते.

“मला काय वाटतं सांगू?” डॉ. मुजावर म्हणाल्या. “तीस वर्षं मानांवर फिरलेली बोटं आहेत ही. तू घाबरून थांबलास, पण जिथे धोका नाही अशी मान लागली की बोटांना ते कळत असेल, तुझ्याही नकळत. ही धमनी मजबूत आहे, इथे चालेल, असं. तसं असेल तर तो निकष आपल्याला यंत्रातून काढता येईल. धोक्याची मान कुठली हे आज जगात कुणालाही हात लावून सांगता येत नाही.”

हुपरीकर सरसावून बसले. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिले. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्या बोटांविषयी बरे वाटले. “असू शकेल,” ते हळूच म्हणाले. “कधी कधी हाताला कळतं.”

ऋजुताने खुर्ची पुढे ओढली. तिने पडद्यावर एक रुग्णपत्र उघडले.

“मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. म्हणून मी वय बदलून बघितलं, वजन, रक्तदाब, मणक्यांची झीज, पुरुष-बाई. कशानेच फरक पडेना. उलट मॅडम, झटका मिळालेल्या माना जास्त झिजलेल्या आहेत. धोका असेल तर त्यांनाच जास्त.” ती थांबली. “हे एका बाईंचं पत्र आहे. वय अडतीस. ठिकाण, मिरजेचा दवाखाना. बघा.”

तिने कळ दाबली. यंत्राने बाहुलीचे डोके उचलले, कलवले, थांबले, आंगठा वाकवला आणि डोके सोडून दिले. शून्य.

“आता तीच बाई. तेच वय, तेच चित्र, तीच तक्रार. फक्त एक रकाना बदलते.”

दवाखान्याच्या जागी तिने टंकले: कारखाना तळ.

यंत्राने डोके उचलले, कलवले. या वेळी ते थांबले नाही. दोन्ही तळव्यांनी मान एकदम फिरवली आणि बाहुलीच्या मानेतला प्लॅस्टिकचा सांधा खाडकन वाजला. पडद्यावर आकडा उमटला: अकरा पूर्णांक चार.

बाहुलीचे डोके वाकडेच राहिले.

“दोन हजार तीनशे सतरापैकी दोन हजार तीनशे सतरा तळावरचे आहेत,” ऋजुता म्हणाली. “दवाखान्यापुरतं सर म्हणाले ते खरं आहे. एकदाही नाही.”

“शिबिरात गर्दी असते,” डॉ. मुजावर सावरत म्हणाल्या. “रविवारी दोन-दोनशे माणसं रांगेत. घाईत जुनी सवय उसळली असेल. पराग, तसंच असणार.”

हुपरीकरांनी ते वाक्य हातात आल्यासारखे धरले. “हो. गर्दी फार असते.”

“मीही तेच धरून बघितलं सर.” ऋजुता आता त्यांच्याकडे बघत नव्हती. “दवाखान्यातही गर्दीचे दिवस आहेत. जत्रेच्या आठवड्यात एकेका दिवशी शंभराच्या वर पेशंट, एकेकाला दोन-अडीच मिनिटं. तळावर काही रविवारी पन्नासच माणसं होती. तरी दवाखान्यात शून्य, तळावर झटका.”

खिडकीबाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होते. ती दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा चालू झाली.

“त्या लोकांपैकी कुणाला पुढे काही झालं?” हुपरीकरांनी विचारले.

“नोंद नाही. मार्चअखेर तळ उठतो, टोळ्या गावी जातात. पुढच्या वर्षी येतात ती माणसं वेगळी असतात, किंवा तीच असतात. आपल्याकडे नुसती नावं आहेत, तीही मुकादमाने सांगितलेली.” तिने यादी खाली सरकवली. “एक नाव दोन वर्षं आहे, तिसऱ्या वर्षी नाही, अशी खूप आहेत. त्याचं कारण काहीही असू शकतं.”

हुपरीकर आठवू लागले. शैलजाबाई त्यांना अजून जशाच्या तशा दिसत: आकाशी साडी, पर्सला अडकवलेली शाळेची किल्ली, खाली बसताना भिंतीला टेकलेला हात. आता त्यांनी तळावरची एक तरी बाई, एक तरी गडी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. सतरंजीवर एकामागून एक निजणारी डोकी आली. मोळी ठेवून ठेवून टाळूवरचे केस विरळ झालेले. पण चेहरा एकही आला नाही. डोके हातांत घेताना हुपरीकरांनी त्या माणसांच्या तोंडाकडे कधी पाहिलेच नव्हते. त्यांच्या कानामागे आंगठा मोडल्याचेही आता आठवेना. आवाज येत होता, आणि तो आपल्याच आंगठ्याचा आहे असे ते धरून चालले होते.

“यंत्राचा प्रश्न सुटेल,” डॉ. मुजावर शेवटी म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली मघाची उत्सुकता पार गेली होती. “तळावरच्या नोंदी वगळल्या की दुपारपर्यंत ते कुणालाच झटका देणार नाही. पण अहवालात कारण द्यावं लागेल. या माना आणि त्या माना यांत हातांनी काय फरक केला, ते लिहावं लागेल. ते यंत्राला विचारून कळणार नाही.”

“फरक मानेत नव्हता,” हुपरीकर म्हणाले.

त्यांना वाटत आले होते की त्या पायऱ्यांवरच्या दिवसाने आपल्याला दया शिकवली. हातांनी मात्र दुसरेच काही शिकून ठेवले होते, आणि जे शिकले ते एकही चूक न करता पाळले होते.

ऋजुता कळफलकावर बोटे ठेवून वाट बघत होती.

“लिही,” ते म्हणाले. “माझ्या नावाने लिही. दवाखान्यात मला भीती वाटायची. तळावर वाटत नव्हती.”

“भीती कशाची सर?”

त्यांनी पडद्यावरच्या त्या एका रकान्याकडे पाहिले.

“काय केलंत, असं कुणी येऊन विचारेल याची.”